तोंड उघडा म्हणणारे एजंट

बोटीच्या एजंटांनी मला माझं नाव विचारलं ते ओळख होऊन चार महिने झाल्यावर. तोवर त्यांच्या लेखी मी ‘खालची डावी, शेवटून दुसरी’ होतो. गावातली सगळी माणसं त्यांच्या ध्यानात अशीच होती. “ती वरची उजवी काल नारळ घेऊन मुंबईला गेली,” असं ते म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं या माणसाचं डोकं फिरलंय. मलाही तसंच वाटायचं. आता राग येतो, तो बहुतेक माझाच.

आमचं बंदर बोर्ली पंचतनपासून दोनेक कोसांवर, खाडीच्या तोंडाशी. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. गावात डॉक्टर नव्हता. मुंबईला जायचं तर आगबोट. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची. किनाऱ्यावर एक कौलारू खोली, तिला एक खिडकी, आणि खिडकीमागे बसून तिकिटं देणारे हे एजंट. उंच, काटकुळे, पांढरी पँट घोट्याच्या वर. पन्नाशीचं वय, आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. चष्म्याच्या जुन्या डबीत ते दांडीचा एक छोटा गोल आरसा ठेवत. टेबलाखाली स्टोव्हवर पाण्याचं पातेलं. प्रत्येक तोंडातून निघालेला आरसा त्या उकळत्या पाण्यात जायचा, मगच पुढच्या तोंडात.

मी पहिल्यांदा त्यांच्या खिडकीशी गेलो ते रेवसचं तिकीट काढायला. माझी आई नागावला असे, दिवाळीला तिच्याकडे निघालो होतो. मागे रांगेत माझ्या विद्यार्थ्यांचे दोन बाप, कोळणींच्या पाट्या, एक गुजराती व्यापारी.

“गुरुजी, तोंड उघडा.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “रेवस, एक,” मी म्हटलं.

“ते कळलं. तोंड उघडा. तुम्ही बोलताना डावा गाल आत ओढता.”

काय झालं कोण जाणे, मी तोंड उघडलं. आरसा आत गेला. मागची रांग पुढे सरकून बघायला लागली.

“गूळ-शेंगदाणे खाता ना रोज? थंड पाण्यानं सळक येते?”

“कधीकधी.”

“कधीकधी म्हणजे येते. रेवसला काय काम?”

“आईला भेटायचंय.”

“आई पुढच्या महिन्यात भेटेल. ही दाढ पुढच्या महिन्यात आजच्यासारखी भेटायची नाही.” आणि त्यांनी माझ्या हातात मुंबईचं तिकीट ठेवलं.

कोळणी खो खो हसल्या. मी ते तिकीट खिडकीत आपटलं आणि तरातरा घरी निघून आलो. त्या दिवाळीला आईकडे गेलोच नाही. पुढे महिनाभर, जो भेटेल त्याला हा माणूस वेडा आहे हे मी पटवून देत होतो. फार कष्ट पडले नाहीत. सगळ्यांना ते आधीच पटलेलं होतं.

बोटीच्या वेळापत्रकाचा फळा खोलीबाहेर टांगलेला असे. त्याखाली एजंटांनी खडूनं स्वतःचं वेळापत्रक लिहिलं होतं. थंड पाण्यानं सळक: या महिन्यात जा. आपोआप ठणका, झोप नाही: या आठवड्यात जा. दुखायचं अचानक थांबलं, हिरडीवर पुळी: उद्याच्या बोटीनं जा, खूश होऊ नका. गालावर किंवा गळ्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळवेना: आज. शेकू नका. कंपनीचा तपासनीस आला की तो हे पुसायला लावायचा. तपासनिसाचा पडाव सुटला की एजंट पुन्हा लिहायचे. ‘शेकू नका’खाली दोन रेघा.

हे सगळं त्यांना कुठून आलं ते मला एकदाच कळलं, तेही चिडलेले असताना. गिरगावात एका दातांच्या डॉक्टरकडे ते सात वर्षं कामाला होते. रोग्यांची नावं पुकारायची, चिमटे उकळायचे.

“धक्क्यावर उतरून सरळ आमच्याकडे यायची माणसं,” ते म्हणाले. “फडक्यानं गाल बांधलेली. सगळी आपल्या किनाऱ्यावरची आणि सगळी उशिरा. डॉक्टर मला विचारायचे, अरे, हे लोक महिनाभर आधी का येत नाहीत? मी काय सांगणार? शेवटी म्हटलं, इथे बसून वाट बघण्यापेक्षा माणसं निघतात तिथे जाऊन बसावं.”

“म्हणून ही नोकरी धरलीत?”

“मग काय समुद्र बघायला?”

त्यांच्या घरी कोण होतं, होतं की नव्हतं, ते कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

लग्नाच्या पंगतीत त्यांना बोलवायची लोकांना भीती वाटे. ते स्वतःच्या पानाकडे न बघता दुसऱ्यांच्या जबड्यांकडे बघायचे. एकदा बुंदी वाढत असताना पंक्तीच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडून त्यांनी वरबापाला सांगितलं, “तुमचा मुलगा तीन घास उजवीकडूनच चावतोय, हळद उतरली की मुंबईला पाठवा!” बायका तर त्यांच्यावर खारच खाऊन असत. मिश्रीची डबी दिसली की ते उचलून समुद्रात भिरकावत. “पाय मोडला तर चार माणसं उचलून धावतात,” ते म्हणायचे, “आणि दात सडला तर लवंग देतात! हा जबडा काय शेजाऱ्याचा आहे?”

होळी झाली की मग तर त्यांच्याशी बोलायची सोय नसे. मेअखेरीस बोट बंद व्हायची ती थेट पावसाळा सरल्यावर सुरू. मधले तीन-साडेतीन महिने मुंबई नाहीच. माणगावचा रस्ता पावसात कधी असायचा, कधी नसायचा. म्हणून शिमग्यापासून ते वाड्यावाड्यांतून फिरायचे, आरसा घेऊन. लोक दारं लावून घ्यायचे.

बोर्लीच्या बाजारातला प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. दातातली कीड काढणारी एक बाई तिथे दर वर्षी यायची. निखाऱ्यावर कसल्याशा बिया टाकायची, नळीतून तो धूर दुखऱ्या दाढेला द्यायची, आणि खाली ठेवलेल्या पाण्याच्या वाडग्यात बारीक पांढऱ्या अळ्या पडायच्या. माणूस अळ्या बघायचा आणि त्याचं अर्धं दुखणं तिथेच जायचं. एजंट गर्दीतून घुसले. त्यांनी दुसरा वाडगा मागितला, त्यात स्वच्छ पाणी घेतलं, बाईच्याच पुडीतल्या बिया निखाऱ्यावर टाकल्या आणि धूर नुसता वाडग्यावर धरला. ना तोंड, ना दाढ. थोड्या वेळानं पाण्यात तशाच पांढऱ्या अळ्या.

“ही काय माझ्या वाडग्याची दाढ किडलीय?” ते ओरडले. “रिंगणीच्या बिया आहेत! बी फुटलं की आतला कोंब असाच दिसतो!”

मला वाटलं आता लोक त्यांना मानतील. लोकांनी काय करावं? दोघंतिघं त्या बाईच्या अंगावर धावून गेले. एजंट मध्ये उभे राहिले. “तिला हात लावू नका! ती पोटासाठी करते. तुम्ही कशासाठी करता? बोट रोज समोरून जाते!” मग लोक त्यांच्यावरच उलटले. ज्याची कीड नुकतीच निघाली होती तो म्हातारा सर्वांत जास्त चिडला. “मना बरा वाटत व्हता,” तो म्हणत होता, “या एजंटानं पुन्ना दुखाया लावला.”

आता धर्मा तांडेलाचं सांगतो. धर्मा म्हणजे कोळीवाड्यातल्या मोठ्या होडीचा तांडेल, होडीवर त्याचा शब्द चाले. दाराएवढा रुंद माणूस. माघात त्याची खालची दाढ ठणकायला लागली. त्यानं रुईचा चीक भरला, तंबाखू भरली, बिब्बा लावून हिरडी भाजून घेतली. मासळी सोडून मुंबईला जायला त्याला सवड नव्हती. मग एक दिवस वाळवणावर एजंट दिसताच तो लांबूनच हसत म्हणाला, “एजंट, दुखाचा थांबला! तुमची मुंबई ऱ्हायली!”

एजंट तिथेच वाळूत बसले. “कधीपासून?”

“झालं चार दीस.”

“हिरडीवर पुळी आहे?”

“हाय बारीक. तिचा काय?”

“अरे, आतली शीर मेली म्हणून दुखायचं थांबलं. ती आता आत कुजतेय. हे बरं झालेलं नाही, हे बिघडलंय!”

“शीर मेली तं मेली,” धर्मा म्हणाला. “मी जिता हाय ना?”

सगळा कोळीवाडा हसला. एजंट त्यानंतर आठवड्याला एक फेरी त्याच्या दारात मारायचे. त्याची बायको पारूबाय त्यांना पाणी द्यायची. धर्मा मागच्या दारानं होडीकडे जायचा.

मे महिना संपत आला होता. बोट बंद व्हायला दोन-तीन दिवस उरलेले, त्यामुळे बंदरावर ही गर्दी. बोटीवर माणसं मोजून घ्यायचा नियम कडक होता आणि त्या दिवशीची सगळी तिकिटं गेली होती. सुट्टी लागली म्हणून मीही तिकीट काढून पडावाजवळ उभा होतो. तेवढ्यात चौघं कोळी धर्माला हाताला धरून घेऊन आले. आधी मी त्याला ओळखलं नाही. जबडा आणि गळा एक झाले होते, हनुवटीच्या खाली टणक, तांबडी सूज. तोंड अर्धवट उघडं, लाळ गळत होती, कारण थुंकीही गिळता येत नव्हती. पारूबाय म्हणाली की काल त्यानं विटेनं शेकलं, आणि तेव्हापासून वाढतच चाललंय.

एजंटांनी आरसा काढलाच नाही. त्यांनी धर्माला जीभ बाहेर काढायला सांगितली. निघाली नाही. ते रांगेकडे वळले.

“दोन जागा पाहिजेत. हा आणि ह्याची बायको. कोण थांबतंय? उद्याची बोट आहे.”

कोणी हललं नाही. साठ-सत्तर माणसं होती. कोणी समुद्राकडे बघत होतं, कोणी आपल्या वळकट्या मोजत होतं. मी माझ्या चपलेत गेलेली वाळू झटकत होतो. मला मुंबईत काहीही काम नव्हतं. मामाकडे आंबे खायला निघालो होतो.

“दाताचं दुखणं ते,” मागून कोणीतरी म्हणालं, “उद्या गेला तर काय मरतो?”

“हो! मरतो!” एजंट इतक्या जोरात ओरडले की पडावातली माणसं उभी राहिली. “सूज आत उतरतेय! श्वास कोंडून मरतो! दातानं मरतो माणूस, ऐकलंत का सगळ्यांनी?”

तरी कोणी हललं नाही. मग ते रांगेच्या तोंडाशी असलेल्या भाऊसाहेबांकडे गेले. भाऊसाहेब गावातले सर्वांत मोठे बागाईतदार, शाळा समितीचे अध्यक्ष; पुतण्याच्या लग्नाला निघाले होते, बरोबर सामान उचलायला गडी. एजंटांनी त्यांच्या हातातली दोन्ही तिकिटं काढून घेतली.

“तुम्ही उद्या जा.”

“लग्न उद्या सकाळी आहे!” भाऊसाहेब ओरडले. “माझी जागा घेणारा तू कोण?”

“अक्षता तुमच्याशिवायही पडतील.”

त्यांनी धर्माला आणि पारूबायला पडावात चढवलं; मागोमाग मीही चढलो. मग कंबरभर पाण्यात उतरून, पांढऱ्या पँटसकट, पडावाला स्वतः खांदा लावला. पडाव सुटता सुटता माझ्या हातात एक चिठ्ठी कोंबली. “गुरुजी, तुम्हाला वाचता येतं. धक्क्यावरून सरळ मोठ्या हॉस्पिटलात. ही तुम्ही द्यायची. बाकावर बसवून ठेवलं तर ओरडायचं. लाजू नका.”

चिठ्ठीत तीन ओळी होत्या. गळ्याखाली सूज, ताप. तोंड उघडत नाही, गिळवत नाही. हा रोगी रांगेत बसवू नये.

बोटीवर धर्मा आडवा होऊ शकत नव्हता, आडवा झाला की घुसमटायचा. पारूबाय सगळा वेळ त्याच्या पाठीला पाठ लावून बसून होती. हॉस्पिटलात त्यांनी आम्हाला बाकावर बसवलंच, आणि मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा इतका ओरडलो. एक तरुण डॉक्टर बाहेर आला, त्यानं चिठ्ठी वाचली, धर्माकडे बघितलं आणि धावत आत नेलं. जबड्याखालून कापून पू काढला, पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. नंतर बाहेर येऊन चिठ्ठी मला परत देत तो म्हणाला, “उद्या आणला असता तर मी काही करू शकलो नसतो. चिठ्ठी कुठल्या डॉक्टरांची?”

“बोटीची तिकिटं देतात ते,” मी म्हटलं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

धर्मा तिथे असताना मीही एका दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो, कोणाला न सांगता. दाढ एका बैठकीत भरून झाली. “वेळेवर आलात,” तो म्हणाला. हे मी एजंटांना कधी सांगितलं नाही. सांगायला मला कमीपणा वाटला.

आता जे सांगायचं ते सांगायला मला इतकी वर्षं लागली आहेत.

बोट बंद झाली होती, आम्ही माणगावच्या रस्त्यानं परतलो. जूनमध्ये शाळा उघडली आणि भाऊसाहेबांनी मला बोलावलं. कंपनीकडे अर्ज करायचा होता, एजंटाविरुद्ध, सगळ्या गावाच्या सह्यांनी. माझं अक्षर चांगलं. मी ज्या पडवीत राहत होतो ती त्यांची, माझी नेमणूक कायम करायची की नाही ते त्यांच्या समितीच्या हातात. मी टाक उचलला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. ‘उतारूंची तोंडे बळेच उघडून पाहतो’, ‘लग्नप्रसंगी अपशब्द बोलतो’. एका जागी ते अडले. “शब्द सांगा हो, गुरुजी. तुम्ही शिकलेले.” आणि मी माझ्या मनानं दोन शब्द दिले. ‘सदर इसम उद्धट व बेजबाबदार आहे.’ बेजबाबदार. हा शब्द मी दिला. कोणी मागितला नव्हता, नुसता शब्द मागितला होता. ती चिठ्ठी तेव्हाही माझ्या कोटाच्या खिशात होती.

सगळ्यांनी सह्या केल्या. मिश्रीवाल्यांनी केल्या, पंगतवाल्यांनी केल्या. ज्यांना त्यांनी वेळेत पाठवून दाढा वाचवल्या त्यांनीही केल्या. धर्मानं अंगठा दिला. हनुवटीखालचा व्रण अजून ओला होता. त्याची होडी पावसाळ्यात जिथे ओढून ठेवायची ती जागा भाऊसाहेबांची होती.

पारूबाय दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन शाळेत आली. पोरं पाढे म्हणत होती. ती सरळ वर्गात घुसली.

“गुरुजी, तुमी व्हतात ना तवा? तुमच्या डोल्यांनी बगलात ना?”

“हो.”

“तरी तुमी लिवलात?”

“मी फक्त लिहून दिलं, पारूबाय. सांगणारे दुसरे होते.”

“त्यांनी पन फक्त चिट्टीच लिवली व्हती,” ती म्हणाली. “तिच्यावर माजा मानूस घरी आला. तुमच्या लिवन्यावर ते जातील. माज्या घोवाला तं मी रातभर शिव्या घातल्या. तुमाला काय घालू? तुमी शिकलेलं हाव.”

ती गेली. मी पोरांना सतराचा पाढा म्हणायला सांगितला.

पावसाळा संपून बोट सुरू झाली त्याच आठवड्यात कंपनीचा साहेब आला. त्यानं चौकशी केली म्हणजे अर्ज वाचून दाखवला आणि एजंटांना विचारलं, तिकिटं हिसकावली हे खरं का? “खरं,” ते म्हणाले. “तोंडं बघतोस हे खरं का?” “खरं.” धर्माचं नाव त्यांनी काढलंच नाही. पारूबाय बोलायला पुढे आली तर साहेबानं तिला मासळीच्या वासामुळे लांब उभं राहायला सांगितलं. एजंटांची बदली मुंबईला, मालाच्या गोदामावर. तिथे उतारू नव्हते.

ते गेले त्या दिवशी मी शाळेतून हललो नाही. नव्या एजंटानं फळा स्वच्छ पुसून घेतला. तो कधी कोणाच्या तोंडाकडे बघत नसे. लोक म्हणायचे, आता कसं, माणूस मिळाला.

पुढच्या शिमग्यापर्यंत मी तग धरला. मग त्यांना गोदामाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. अर्ज माझ्या हातचा आहे, ‘उद्धट’ आणि ‘बेजबाबदार’ हे दोन्ही शब्द माझे आहेत, ते मी जाणूनबुजून लिहिले, असं सगळं कबूल केलं. क्षमा मागितली. चार पानं झाली. माझ्या मते फार चांगलं पत्र होतं.

त्यांचं पोस्टकार्ड आठ दिवसांत आलं.

‘पत्र पोचले. अर्ज माझ्यासमोर वाचला होता, अक्षरही पाहिले होते. उद्धट बरोबर आहे, ते राहू द्या. बेजबाबदार मात्र खोडा. – आपला.’

क्षमा केली, न केली, काही नाही. मी ते कार्ड कितीदा वाचलं असेन. त्याच दिवशी बसून मी कंपनीला लिहिलं: अमुक अर्जातला अमुक शब्द खोटा आहे, तो मी लिहिला, तो खोडावा. खाली सही माझी एकट्याची. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तिसऱ्या वेळी टाइप केलेलं दोन ओळींचं उत्तर आलं, की प्रकरण निकाली निघालेलं असून कागदपत्रांत बदल करता येत नाही. ते उत्तर भाऊसाहेबांच्या कानावर गेलं, आणि वर्षाच्या आत माझी बदली डोंगरातल्या एका शाळेत झाली. त्याबद्दल मला तक्रार नाही.

तक्रार आहे ती एवढीच, की त्या कंपनीच्या कुठल्याशा कपाटात एका पिवळ्या कागदावर, माझ्या वळणदार अक्षरात, तो शब्द अजून तसाच आहे.